नमुना क्रमांक ३१७

कापडी पिशवीतून माती येते आमच्याकडे,
पिंपळगाव बसवंतच्या लॅबमध्ये.
आत घडी घातलेली चिठ्ठी:
दगू ढोमसे, उगाव, थॉम्पसन, वय अकरा.
वय बागेचं. नानांचं एकोणसत्तर.
मी ती सावलीत वाळवते, मोगरीने फोडते,
दोन मिलिमीटरच्या चाळणीतून पाडते.
वर उरतं ते लिहायचं नसतं.
गोगलगायीचा शंख, मुळाचा केस,
एकदा नुसतं मुंगळ्याचं डोकं,
काळं, चकचकीत.

पालाश कमी.
मागच्या वर्षीही कमीच होतं.
नाना फोनवर म्हणाले,
दरसाल पोती टाकतो गं, जातं कुठं ते?

फेब्रुवारीत पॅकहाऊसच्या दाराला कंटेनर लागतो.
आत हिवाळ्याहून थंड.
घडाघडात बसून उगावचं रान त्यात चढतं,
समुद्रावरून रॉटरडॅमला उतरतं,
तिथल्या एखाद्या पोराच्या तोंडात फुटतं,
मग तिथलं गटार, तिथली खाडी.
नानांकडे परत येतात ते क्रेट,
धुतलेले.

हे मी फोनवर सांगितलं नाही.
म्हटलं, शिफारस पाठवते.

जानेवारीत निफाडकडचा पारा साडेचारवर आला
त्या पहाटे मी बागेत होते.
ऑक्टोबर छाटणीच्या काड्या बांधाला रचलेल्या,
येसू भोयेनं त्या ओळीओळीनं पेटवल्या.
धूर वर जाईना.
मांडवाखाली पसरला, घडांना चाटत बसला.
येसूनं हात पुढं केले, मीही.
म्हटलं, हे गेल्या उन्हाळ्याचं ऊन आहे बाई,
पानांनी धरलं, काडीत कोंडलं.
आन् आता?
आता सुटलं.
परत नाही यायचं?
नाही.
वर आभाळ इतकं निरभ्र
की ऊब अडवायला एक ढगाची चिंधी नव्हती.
ती बराच वेळ वर बघत राहिली,
कुणी गाडीत बसून गेल्यावर बघतात तशी.
मग म्हणाली, आन् राख?
राख राहते.
तर मग, म्हणाली,
आणि घमेलं शोधायला गेली.

तिच्या फडक्यात नागलीची भाकर होती,
सुरगाण्याच्या उतारावरची.
तिथलं ऊन त्या दाण्यात, दाणा भाकरीत,
भाकर येसूच्या दंडात,
दंडातून राखेच्या घमेल्यात थोडंसंच.
बाकीचं मी डोळ्यांनी पाहिलं:
वाकली तेव्हा तिच्या पाठीवरून वाफ निघत होती.

उजाडलं तशा भोरड्या आल्या.
हजार असतील, दोन हजार असतील,
काळ्या-गुलाबी, भांडत, जाळीत चोची खुपसत.
नानांनी डबा बडवला, शिव्या दिल्या.
म्हटलं, नाना, या तिकडच्याच.
तिकडच्या म्हणजे?
तुमची द्राक्षं जातात ना, साधारण त्याच बाजूच्या.
मग भाडं देऊन जा म्हणावं त्यांना!
रात्री त्या नांदूरकडच्या बाभळींवर टेकतात.
खाली पांढरा सडा पडतो.
नत्र, स्फुरद, चिमूटभर पालाश,
कुठल्या रानातलं कोण जाणे.
माझ्या तक्त्यात तेरा रकाने आहेत.
याला एकही नाही.

शिफारस लिहिली:
काड्या जाळू नयेत, कुट्टी करून सरीत गाडाव्यात.
लिहिताना येसूचे पुढं केलेले हात आठवले.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, थंडीची रात्र सोडून.
साहेबांनी लाल पेनानं ते काढलं.

तपासून उरलेली माती आम्ही मागच्या अंगणात ओततो.
उगाव, शिवडी, खेडगाव, कुंदेवाडी,
चिठ्ठ्या काढल्या की सगळ्या एकाच ढिगात.
यंदा त्यावर एक टोमॅटो उगवलाय,
कुणाच्या तरी डब्यातून सांडलेला.
पाणी कुणी घालत नाही,
बाटल्या धुतलेलं तेवढं जातं.
काल दुपारी एक पिकलेला तोडला.
कुणाच्या रानाचा म्हणावा?
ऊन मात्र आजचं होतं.
चावला तेव्हा आतून कोमट लागला.